स्वयंपाकी मंडळींस उत्तम सोय

लोणावळे, ता. ३ जून १९३८

चि. गंगाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग.

तुझे पत्र पोचले. दोनदा वाचले, कारण पहिल्या खेपेस मध्यावरच डोके भणाणले आणि शेवट वाचायचा राहून गेला. तू लिहितोस की बंगला जून ते ऑक्टोबर बंद पडून कुजतो, मुंबईचे एक शेठ तो घ्यायला तयार आहेत, दसऱ्याला व्यवहार उरकू, आणि मी बोचके बांधून तुमच्याकडे गिरगावात राहायला यावे. बंगला बंद असतो हे तुला कोणी सांगितले? मागच्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षे राहते आहे. आमचे हे गेल्यावर वडिलांनी मला इथे आणले. पुढे वडील गेले, घर कागदावर तुझे झाले आणि केर मी काढत राहिले. कौले मी फिरवून घेते, वाळवीवर मी लक्ष ठेवते. तेव्हा घरात कोणी नसते असे लिहिताना तू मला कशात धरलेस ते कळव.

उन्हाळ्याचे बिऱ्हाड परवा गेले. भाड्यात खोल्या, भांडी, लाकडे आणि विहिरीचे पाणी एवढेच ठरलेले असताना "अक्का, जरा आमटीला फोडणी द्या" असे म्हणत म्हणत त्यांनी मला महिनाभर चुलीपुढे बसवले. जाताना बाई म्हणाल्या, तुमच्या हाताला चव आहे. हे मला आजवर ज्याने ज्याने सांगितले त्याने लगेच पुढचे ताट मांडलेले आहे.

असो. तुझ्याच पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. पावसाळाभर घरात भाडेकरू टिकले तर विकण्याचा विचार सोडून देईन, असे तू लिहिले आहेस. सहज लिहिले असशील. पावसाळ्यात लोणावळ्याला कोण येतो, आठ आठ दिवस समोरचे झाड दिसत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण मी ती ओळ धरली आहे आणि पत्र ट्रंकेत ठेवले आहे. मी भाडेकरू आणते. तू फक्त मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहिरात दे. तीन खोल्या, भांडी, कोरडी लाकडे, निम्मे भाडे. आणि अगदी स्पष्ट लिही की जो येईल त्याने आपला स्वयंपाक आपण करायचा. हे विसरू नकोस.

तुझी,
अक्का


मुंबई, ता. ९ जून १९३८

ती. अक्कास धाकट्या गंगाधरचा नमस्कार, पाठीवर धपाटा बसेल इतक्या अंतरावरून.

तू उगाच चिडतेस. घरात कोणी नसते म्हणजे भाडेकरू नसतात, असा अर्थ. विमा कंपनीच्या कचेरीत दिवसभर लिहून मला जरा तुटक लिहायची सवय लागली आहे.

जाहिरात दिली. पुढील चार रविवारी येईल. मजकूर मी स्वतः तयार केला आणि कचेरीत चौघांना वाचून दाखवला, सर्वांना आवडला:

"लोणावळे येथे वर्षाऋतूत स्वयंपाकी मंडळींस उत्तम सोय. तीन खोल्या, भांडी, कोरडी लाकडे. निम्मे भाडे. संपूर्ण शांतता. 'निदाघविश्राम', वलवण रस्ता."

वर्तमानपत्रवाले शब्दागणिक आकार घेतात, म्हणून 'स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणाऱ्या' या चार शब्दांचे काम मी एका शब्दात केले आहे. वडील असते तर खूश झाले असते. उन्हाळ्याच्या विसाव्याला असले नाव त्यांच्याशिवाय कोणी ठेवलेच नसते.

पण अक्का, फार आशा धरू नकोस. तू एकटी, तो पाऊस, ते घर. इकडे आमची स्वयंपाकीणबाई वैशाखातच काम सोडून गेली, घरात सगळी ओढाताण चालली आहे. तू आलीस तर मलाही आधार होईल, असे शैला म्हणते. मुलेही आत्या आत्या करतात.

तुझा,
गंगाधर


लोणावळे, ता. २१ जून १९३८

गंगाधरास आशीर्वाद. या खेपेस एकच.

चार शब्दांचे काम तू एका शब्दात केलेस. त्या एका शब्दाने काय काम केले ते ऐक.

जाहिरातीला दहा दिवसांत अकरा पत्रे आली. अकराही नोकरी मागणारी. "मी पुरणपोळी, बासुंदी व सर्व प्रकारच्या भाज्या उत्तम करतो, पगार काय द्याल ते कळवावे." एकाने आपले दोन दाखले जोडले आहेत. एकाने विचारले आहे की कोरडी लाकडे तुम्ही देता हे ठीक, पण धोतरजोडी वर्षाची किती? कान्ह्याहून एक गृहस्थ तर स्वतःचा झारा धोतराच्या सोग्यात गुंडाळून भर पावसात दारात उभे राहिले. मी म्हटले, मला स्वयंपाकी नको आहे. ते म्हणाले, मग छापलंत कशाला? मी त्यांना चहा करून दिला. म्हणजे पाहा, आलेल्या स्वयंपाक्यालाही मीच करून घातले.

याहून वाईट म्हणजे दादरचे एक वकील. बायको, सासू, तीन मुले आणि दोन वळकट्या घेऊन शनिवारच्या गाडीने आले. मला हर्ष झाला. खोल्या दाखवल्या, पाणी तापवून दिले. बारा वाजता सगळे हात धुऊन पाटांवर बसले. मी विचारले, काही हवे का? वकील म्हणाले, पान वाढायला सांगा तुमच्या स्वयंपाक्याला. त्यांनी जाहिरात अशी वाचली होती की इथे स्वयंपाकी आहे आणि मंडळींची उत्तम सोय आहे. चूल पाहून सासूबाई जे बोलल्या ते मी लिहीत नाही. दुपारच्या गाडीने सगळे परत गेले. मला फसवेगिरीची नोटीस देणार होते, पण पाऊस इतका लागला की छत्री उघडण्यातच त्यांचा वेळ गेला.

ती जाहिरात बदल. साधे लिही. वाचणारा मुंबईचा आहे, काशीचा नाही.

शैलाची स्वयंपाकीणबाई गेली हे वाचले. लक्षात ठेवले आहे.

अक्का


मुंबई, ता. २५ जून १९३८

ती. अक्कास नमस्कार.

चूक माझी नाही, लोकांची आहे. आपले आजोबा स्वयंपाकी होते. म्हणजे आचारी नव्हे. ते प्रवासातसुद्धा स्वहस्ते शिजवलेल्या अन्नाशिवाय घास घेत नसत, म्हणून सारी पंचक्रोशी त्यांना 'स्वयंपाकी' म्हणे आणि आदराने म्हणे. शब्दाचा मूळ अर्थ तोच. पगार घेऊन दुसऱ्याचे शिजवणाऱ्याला तो पुढे लोकांनी चिकटवला. सुशिक्षित वाचकाला एवढे कळायला हवे होते. कचेरीतल्या चौघांना कळले होते.

पैसे चार रविवारांचे भरले आहेत, मधे मजकूर बदलता येत नाही. शेवटच्या रविवारी फार तर 'धुके' हा शब्द वाढवून मिळेल. धुक्याचे मुंबईकरांना आकर्षण असते असे मला वाटते. तू पुढच्या खोलीला पडदे लाव. उदबत्ती लाव, म्हणजे बुरशीचा वास येणार नाही.

आणखी एक. ते शेठ एकदा घर पाहून जाणार म्हणतात. नुसते पाहून जातील. तू मनाला लावून घेऊ नकोस, आलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे. तू एकटी त्या पावसात कशी राहतेस म्हणून शैलाला रात्र रात्र झोप येत नाही.

तुझा,
गंगाधर


लोणावळे, ता. १४ जुलै १९३८

गंगाधरास,

भाडेकरू आले. बसून वाच.

गेल्या शनिवारी सकाळी धोंडाबाई दूध घेऊन आली. ही वलवणची, रोज इरले डोक्यावर घेऊन रतीब घालते, आणि माझ्याशी बोलणारे पावसाळ्यातले हे एकच माणूस. ती म्हणाली, "अक्का, टेसनावरनं पाच बाप्ये आल्याती. लय जाडजूड हायती. तुमचंच नाव पुसत्याती." मागोमाग ते आलेच. पाच जण, पाचांच्या डोक्यावर पाच नव्या कोऱ्या टोप्या. मी दारातूनच म्हटले, बाबांनो, मला स्वयंपाकी नको. त्यांच्यातले थोरले, दत्तोबा नाव, साठीचे असतील, अगदी हळू म्हणाले, "आम्ही नोकरीला नाही आलो, बाई. राहायला आलो आहोत." आणि एक कागद पुढे केला. त्यात वाण्याने हिंग बांधून दिला होता. तुझी जाहिरात. स्वयंपाकी मंडळींस उत्तम सोय.

हे मुंबईचे लग्नांचे आचारी आहेत. देव झोपले की लग्ने बंद, लग्ने बंद की यांचे हात रिकामे. तुळशीचे लग्न लागेपर्यंत यांना काम नाही. दत्तोबा म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्याच्या घरी जातो, पण मागच्या दारानं. मांडवामागं जेवायचं, पोत्यावर निजायचं. आमच्यासाठी कोणी काही छापलेलं आजवर पाहिलं नव्हतं. पोरांना म्हटलं, एकदा जाऊ या." एक महिन्याचे भाडे त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे राहूनच दिले. मी म्हटले, आत या. तर विचारतात, कोणत्या दारानं?

गंगाधर, मी त्यांना परत पाठवणार होते. खरे सांगते. पाच अनोळखी पुरुष, गावात काय बोलतील, सगळे डोक्यात आले. पण ते पुढच्या दाराशी पाय पुसत उभे होते आणि पाचांचेही पाय पुसून होईनात. मग मी माझ्या बाजूचे मधले दार लावून घेतले आणि त्यांना खोल्या दिल्या.

आता पुढचा वैताग ऐक. घरात पाच आचारी आणि चूल थंड. एकही जण चुलीपाशी फिरकत नाही. पहिल्या दिवशी पोहे आणि गूळ खाल्ला. दुसऱ्या दिवशी केळी. तिसऱ्या दिवशी पुन्हा पोहे. मी म्हटले, लाकडे कोरडी आहेत, भांडी आहेत, करून का घेत नाही? दत्तोबा हात जोडून म्हणाले, "बाई, आठ महिने धूर खाल्ला. आता उपाशी ठेवा, पण चूल पेटवायला सांगू नका." मी मनाशी ठरवलेच होते की मी करणार नाही. तेव्हा ते जोत्यावर बसून पोहे खात आणि मी माझ्या खोलीत बसून भात खात, आणि मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना कोणाला घास गिळवत नव्हता.

सुटका धोंडाबाईने केली. तिला ते बघवेना. "पाच बाप्ये आन चूल गार? ही कुटली मुंबईची रीतभात?" असे म्हणत तिने चूल पेटवली, नाचणीच्या भाकऱ्या थापल्या, पिठले केले. पाचही जण ओळीने बसले. पुरणपोळ्यांचे डोंगर उठवणारी माणसे त्या पिठल्याकडे बघत होती. दत्तोबांनी दुसरी भाकरी मागितली. म्हणाले, "वाढतात कसं, ते विसरायला झालं होतं." धोंडाबाई म्हणाली, "मग खावा की निवांत. मी हाय हितं." आता दोन्ही वेळचे तीच करते, ते तिला वेगळे देतात.

दिवसभर पत्ते खेळतात, आणि खेळताना बोलणे सगळे खाण्याचे. कुठल्या लग्नात जिलबी बसली, कुठे वरमाईने वरण परत पाठवले. काल हात स्वस्थ बसेनात म्हणून माझी सगळी पितळी भांडी चिंचेने घासली आणि फळीवर आपल्या रीतीने लावली. मला गेल्या अकरा वर्षांत प्रथमच माझी मिठाची बरणी सापडत नाही.

तुला भाडेकरू हवे होते. हे घे.

अक्का


मुंबई, ता. १९ जुलै १९३८

ती. अक्का,

तुझे पत्र पोचले. मी भाडेकरू म्हटले होते, आचारी म्हटले नव्हते. भाडेकरू म्हणजे कुटुंबवत्सल, चारचौघांत सांगता येतील असे. उद्या मला कचेरीत कोणी विचारले की वडिलांच्या बंगल्यात कोण राहते, तर मी काय सांगू? लग्नातले स्वयंपाकी पत्ते कुटतात असे?

त्यांना महिन्याचे भाडे परत कर आणि लावून दे. ते मोजणीत धरता येणार नाहीत. शेठ रविवारी, ३१ तारखेला येत आहेत. त्या दिवशी तरी घर स्वच्छ आणि रिकामे दिसू दे. माणूस मोठा आहे, त्याच्यापुढे शोभा नको.

आणि अक्का, आता हट्ट पुरे. शैला म्हणते की अक्कांनी परक्यांच्या जेवणाची काळजी वाहायची त्यापेक्षा घरच्यांची वाहावी. तुला मागची खोली देऊ. तिथून स्वयंपाकघर अगदी जवळ आहे, चालण्याचा त्रास नाही.

गंगाधर


लोणावळे, ता. १ ऑगस्ट १९३८

गंगाधर,

शेठ काल येऊन गेले. टांग्यातून उतरेपर्यंत चिंब झाले. घर रिकामे नव्हते. पाचही जण ओटीवर डाव मांडून बसले होते, मी मुद्दाम उठवले नाही.

शेठनी आत पाऊल टाकले, पत्त्यांकडे पाहिले, आणि एकदम दोन्ही हात जोडले. "दत्तोबा, तुम्ही इथे?" त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि आचारी दत्तोबा. थोरल्या मुलाच्या लग्नातला स्वयंपाकही त्यांनीच केला होता. शेठ तिथेच चटईवर टेकले, कारण खुर्चीवर दत्तोबांचे धोतर वाळत होते. चहा धोंडाबाईने केला. पाचांपैकी कोणी उठले नाही.

शेठ मला म्हणाले, बाई, मला हे पाडून इथे मोठा बंगला बांधायचा होता. दत्तोबा पत्ते पिसत म्हणाले, "बांधा की. आम्ही पावसाळ्यात दुसरीकडे जाऊ. फक्त मार्गशीर्षापर्यंत मनाला लागून राहील, एवढंच." एवढेच बोलले. शेठनी कप खाली ठेवला. दोन हजार पान व्हायचे आहे त्यांच्याकडे.

मग ते म्हणाले, "माझी काही अडवणूक नाही. पण शब्द तुमच्या भावाने दिलेला आहे. त्याने सोडवून घेतला तर मी सोडतो." मी म्हटले, शब्द अजून कुठे दिला आहे, पावसाळा संपेपर्यंत ठरायचे आहे. शेठ म्हणाले, "अहो, अक्षय तृतीयेलाच दिला त्यांनी. घर दसऱ्याला रिकामे करून देतो म्हणाले. बहीण आहे, ती मुंबईला येणारच आहे म्हणाले."

अक्षय तृतीयेला. म्हणजे तुझी ती ओळ, मी ट्रंकेत ठेवलेली, ती लिहिण्याच्या महिनाभर आधी. मी जाहिराती मागत होते, पडदे लावत होते, त्या वकिलाच्या सासूचे ऐकून घेत होते, आणि तू तिकडे बसून धुके हा शब्द घालू की नको याचा विचार करत होतास. मला इतके वाईट आजवर दोनदाच वाटले आहे. पहिले कारण तुला माहीत आहे.

आता मी लिहिते ते वळणे न घेता लिहिते. मला तुझ्याकडे यायचे नाही. तुम्हाला अक्का नको आहे. तुमची स्वयंपाकीणबाई गेली आहे आणि पगार न मागणारी हवी आहे. माझ्यासारख्या कितीजणी भावांच्या घरी त्या मागच्या खोलीत गेल्या आणि तिथून चुलीपर्यंत चालत राहिल्या, मला नावानिशी सांगता येतील. शैलाचा मला राग नाही असे म्हणणे खोटे होईल. आहे. तिने जे मागायचे ते सरळ मला लिहायचे होते.

भाडेकरूंचे म्हणशील तर तुळशीच्या लग्नापर्यंत तिन्ही खोल्या भरल्या आहेत. दत्तोबांनी पत्रे धाडली. पुढच्या महिन्यात पुण्याचे सनईवाले येतात, मग मांडव घालणारे दोघे सहकुटुंब, मग पुन्हा दत्तोबा. ज्यांचा ज्यांचा धंदा देवाबरोबर झोपतो ते सगळे. ते चारचौघांत सांगण्यासारखे नसतील. पण तू 'टिकले तर' लिहिले होतेस, 'शोभले तर' लिहिले नव्हतेस.

शेठना एक ओळ लिही. तुझा शब्द, मोडायचा तर तूच मोड. मला उत्तर नाही आले तरी चालेल.

अरुंधती


लोणावळे, ता. २० ऑगस्ट १९३८

गंगाधर,

उत्तर नाही आले तरी चालेल असे लिहिले होते. चालत नाही. एकोणीस दिवस झाले. टपालवाला फाटकाशी आला की दत्तोबा हातातला डाव टाकून बघतात आणि मी बघत नाही असे दाखवते. हो की नाही, एवढे तरी कळव. नाही असेल तर दसऱ्याच्या आत मला मांडववाल्यांना नकार लिहावा लागेल आणि तो मी तुझ्या नावाने लिहीन.

अरुंधती


मुंबई, ता. २७ ऑगस्ट १९३८

ती. वन्सं यांस शैलाचा नमस्कार.

मी आपणांस पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. इकडून जी पत्रे येत-जात ती मला वाचून दाखवली जात, आणि वाचून दाखवणारा गाळून वाचतो हे मला ठाऊक नव्हते. गेल्या सोमवारी कोट धोब्याकडे द्यायला काढला. आतल्या खिशात आपली तीन पत्रे होती. मी बसून वाचली. तोपर्यंत इकडे आमटी उतू गेली.

वन्सं, मी म्हणते म्हणून जे जे आपल्याला लिहिले गेले त्यातले मी काही म्हटलेले नाही. आपण आलात तर मला आधार होईल असे मी म्हटले नाही. घरच्यांच्या जेवणाचे तर मुळीच नाही. वैशाखात स्वयंपाकीणबाई गेली तेव्हा मी एवढेच म्हणाले होते, आता सगळे माझ्यावर आले. त्याला उत्तर म्हणून यांनी आपली आठवण काढली. मला वाटले बहिणीची माया.

आपल्याला माझा राग आहे असे आपण पत्रात लिहिले आहे. ते वाचून मला वाईट वाटले नाही, बरे वाटले. निदान कोणी मला सरळ बोलले.

मंगळवारी सकाळी मी यांना पाटावर बसवले, दौत पुढे ठेवली आणि शेठना ओळ लिहायला सांगितली. शब्द मोडला तर नाव जाईल, असे म्हणाले. मी म्हटले, बहिणीला दिलेलाही शब्दच होता. मग तीनदा खोडून लिहिले. पाकीट मी हातातून घेतले आणि कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतः टाकून आले, कारण खिशाचा आता भरवसा नाही. काल शेठचे उत्तर आले. सोडले आहे. लग्न निर्विघ्न होऊ दे एवढे दत्तोबांना सांगा, असे लिहिले आहे. ते पत्र सोबत घालते, ट्रंकेत ठेवावे.

हे आपल्याला स्वतः लिहिणार आहेत. काय लिहावे ते अजून ठरत नाही. दोन दिवस दौत उघडून बसतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. मला दया येते, पण मी दाखवत नाही.

आता माझे एक काम आहे. परवा गणपती बसतील. मग गौरी, मग पितृपक्ष, मग नवरात्र. लग्न होऊन आले त्याला तेरा वर्षे झाली. बाळंतपणाचे दिवस सोडले तर या चुलीपुढून मी एक दिवस उठलेली नाही. लग्नाच्या आचाऱ्यांनासुद्धा चार महिने मिळतात, हे मी आपल्या पत्रात वाचले आणि पुन्हा वाचले. बाकी काही डोक्यात शिरेना.

नवरात्र झाल्यावर मला आपल्याकडे आठ दिवस खोली मिळेल का? सगळ्या भरल्या आहेत असे आपण लिहिले आहे. माडीवर अडगळीची जागा असेल तर तीही चालेल, पाऊस गळला तरी चालेल. मी एकटी येईन. मुले इथे राहतील, यांनी त्यांना शिजवून घालावे नाहीतर खानावळीत न्यावे, ते त्यांचे त्यांनी पाहावे. धोंडाबाई वाढायला लागल्या की मीही मंडळींच्या ओळीत शेवटी बसेन. कोणाशी बोलणार नाही.

नात्यातली म्हणून बोलावू नये. भाडेकरू म्हणूनच येते. भाडे काय पडेल ते कळवावे, माझ्याजवळ थोडे आहेत.

आपली,
शैला